टेबल खडकावरचा मोकळा पट्टा

विद्यापीठ वसतिगृह,
२४ फेब्रुवारी १९७४

प्रिय मामा,

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. फोन केला असता, पण तुमच्या हेरॉन कोव्हला सहा घरांत एक लाईन, बोलणारे दोन आणि ऐकणारे पाच. आणि हे काम गावभर व्हायला नको आहे.

काम असं की मला तुझे डोळे हवे आहेत.

तुला माहीत आहे, मी गेली तीन वर्षं आपल्या टेबल खडकावरच्या समुद्रफुलांच्या मागे लागले आहे. खडकावर त्यांचे दोन जमाव आहेत, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. एकेक जमाव म्हणजे खरं तर एकच फूल, म्हणजे एकच प्राणी. ते स्वतःला मधून ताणून दोन होतं, दोनाची चार, असं करत शेकडो. सगळी तीच, म्हणून एकमेकांना चिकटून बसतात. पण दोन जमावांच्या मध्ये हातभर रुंद पट्टा आहे, आणि तिथे एकही फूल बसत नाही. उत्तरेच्या जमावाची टोकं गुलाबी, दक्षिणेच्या जमावाची राखाडी, त्यामुळे ओळखायला अगदी सोपं.

माझं म्हणणं, हा पट्टा ती स्वतःच राखतात. त्यांच्या हातांना दंशपेशी असतात, त्या खाणं पकडायला. पण हातांच्या खाली, कॉलरखाली लपवल्यासारखे, पांढऱ्या गाठींचं एक कडं असतं. त्यांत त्याहून जबर दंशपेशी ठासून भरलेल्या, आणि त्या गाठी फुगतात फक्त परक्या समुद्रफुलावर. आमचे प्राध्यापक ग्रिसवोल्ड म्हणतात, काचेच्या टाकीत कोंडलं की कोणीही भांडेल. खऱ्या खडकावर पट्टा मोकळा राहतो तो वाहत येणारे ओंडके आपटतात म्हणून. १० जूनला माझी समिती बसणार. तोवर खडकावरचा पुरावा दिला नाही तर पदवी नाही, आणि मुदतवाढही नाही, ती मी मागेच वापरली. मी इथे समुद्रापासून बसने चार तास लांब, पहिल्या वर्षाच्या नव्वद मुलांना बेडूक शिकवते आहे.

तर आठवड्यातून दोनदा ओहोटीला खडकावर जा आणि वही ठेव. पट्टा मोकळा राहतोय ना, तेवढं बघ.

तुझ्या राखाडी घराला माझा नमस्कार.

तुझी,
इर्या


हेरॉन कोव्ह,
६ मार्च

प्रिय इर्या,

पत्र पोचलं. नदीवर चाळीस वर्षं जाळी टाकली, भरती-ओहोटीची वही कधी चुकली नाही. तुझी चुकेल असं वाटलं का? निळ्या पुठ्ठ्याची नवी वही आणली आहे. वाइनो कोस्केला, टेबल खडक, असं वर लिहिलंय.

रविवारी मोठं वादळ झालं. सोमवारी ओहोटीला जाऊन बघितलं. एक ओंडका घासून गेलेला. थोडं छोटंसं काम निघालं, ते करून टाकलं. पट्टा मोकळा आहे. अगदी लख्ख. काळजी करू नकोस.

ती शेजारीण, रिंताला, तिच्या खिडकीतून सगळा वेळ माझ्याकडे बघत होती. नऊ वर्षं आमचं बोलणं नाही, पण बघायचं सोडत नाही. कारण तुला माहीत आहे. मी घराला राखाडी रंग देत होतो त्या दिवशी ती झाडीपाशी उभी राहून पोट धरून हसली होती. माणूस शिडीवर असताना हसतात का?

तुझा मामा,
वाइनो


११ मार्च

मामा, माझ्या सोन्या मामा,

आजच्या बैठकीत मी उभी राहिले आणि वीस जणांसमोर तुझं पत्र वाचून दाखवलं. ओंडका आला, घासून गेला आणि पट्ट्यात काही फरक नाही, अगदी लख्ख. ग्रिसवोल्डसाहेबांनी पाइप तोंडातून काढला. त्यांनी पाइप काढला म्हणजे समज की बातमी मोठी आहे. म्हणाले, "ओंडक्याने एकही फूल उपटून पट्ट्यात टाकलं नाही? आश्चर्य आहे." मी म्हटलं, "माझ्या मामाची नजर आहे सर, चाळीस वर्षं नदीवरची." सगळे हसले, पण चांगलं हसले.

आता पुढचं. काठावरची फुलं मोजून पाठव, गुलाबी किती, राखाडी किती. आणि छोटंसं काम म्हणजे काय रे?

रिंतालाबाई का हसल्या असतील कुणास ठाऊक. जाऊ दे ते.

तुझी आनंदाने वेडी झालेली,
इर्या


२० मार्च

प्रिय इर्या,

काठावर गुलाबी एकशे बारा, राखाडी सत्त्याण्णव. त्यातली गुलाबी फिकट आहेत, पावडर लावल्यासारखी, आणि राखाडीत कुठेकुठे जांभळी झाक आहे.

छोटंसं काम असं. वादळाने सात फुलं उपटून पट्ट्यात टाकली होती. मोकळा राहिला पाहिजे म्हणालीस, म्हणून उचलली. फेकवेनात. म्हणून खोलगट कडेला, जिथं पाणी साचतं तिथं, चार उत्तरेला आणि तीन दक्षिणेला टेकवली. जिथं जागा दिसली तिथं. दुसऱ्या दिवशी चिकटलीसुद्धा. शेजारी खिळ्याने आकडे कोरून ठेवले.

पण बाई, त्यानंतर जे सुरू झालं ते तुला सांगायलाच हवं. तीन नंबर उत्तरेच्या एका दांडग्याशेजारी बसला. दांडग्याने हात लावून बघितलं, मागे घेतला. पुन्हा लावला, पुन्हा मागे. असं चार-पाच वेळा. मग सात मिनिटं काहीच नाही, मला वाटलं झोपला. आणि मग कॉलरखालून पांढरे फुगे वर यायला लागले, एक, दोन, पाच, अकरा. हा उंच झाला, कमरेत वाकला आणि फुगे तीन नंबरच्या अंगावर ठेवून दिले, अगदी सावकाश. उचलले तेव्हा फुग्याची साल तिकडेच राहिली, चिकटून. तीन नंबर असा आकसला की मीच कळवळलो. सव्वा तास मी गुडघाभर पाण्यात उभा होतो, बूट भरले तरी कळलं नाही. मुष्टियुद्ध पाहिलंय मी तरुणपणी, पण हे त्याहून भारी. शिवाय तिकीट नाही.

रिंतालाबाईही खाली आल्या होत्या. म्हणाल्या, "राखाड्याची जागा चुकली." मी बोललो नाही. चष्मा घरी राहिल्याचं मात्र सांगितलं.

तू म्हणालीस बघ, मी बघितलं.

मामा


२३ मार्च

मामा,

काय केलंस हे?

बघ म्हणजे बघ. डोळ्यांनी. हात खिशात घालून. त्यात उचलणं कुठून आलं? मी वीस जणांसमोर सांगितलं की वादळातही पट्टा आपोआप मोकळा राहिला, आणि तो तू हाताने साफ केला होतास. पुढच्या बैठकीत मला त्याच वीस जणांसमोर उभं राहून शब्द मागे घ्यायचे आहेत. खडकावरचं काहीच आता माझ्या उपयोगाचं नाही. तीन वर्षं.

यापुढे नुसतं बघायचं. काही हलवायचं नाही. खरं तर बघूही नकोस.

इर्या


२७ मार्च

इर्या,

तुझं पत्र उभ्याने वाचलं आणि मग बसलो.

आमच्या नदीवर जाळं सोडायचा पट्टा ज्याचा त्याने साफ राखायचा असतो. तळाला ओंडका अडकला, तुटकी साखळी पडली, की बुडी मारणारा आणून काढून घ्यायचं. "पट्टा मोकळा राहतोय ना बघ" असं माझा बाप मला म्हणाला, तेव्हा नुसतं बघून घरी आलो असतो तर जेवायला मिळालं नसतं. मी तेच केलं. तुझी भाषा वेगळी आहे हे मला सुचलं नाही. चूक माझी. वाईट वाटतंय, फार.

काल साउनाच्या वाफेत बसलो तरी अंग गरम होईना.

वहीची पानं फाडून सोबत पाठवतो. आता उपयोग नाही, पण माझ्याकडे ठेवून तरी काय करू. सातही नंबरांचं रोजचं आहे, वेळेसकट. रंगांचा रकाना नंतर भरला. त्यात शेजारच्या लेम्पीबाईंची मदत झाली.

या शनिवारी त्यांनी झाडीवरून निसू पाव दिला, वेलची जास्त घातलेला. बोललो नाही अजून. धन्यवाद म्हटलं फक्त.

मामा


१ एप्रिल

मामा,

आज एक एप्रिल आहे, पण मी चेष्टा करत नाहीये, हे आधी सांगते.

तुझी पानं दोन दिवस टेबलावर पालथी पडली होती, रागाने. आज बेडकांच्या वर्गात मुलांची परीक्षा होती आणि वाचायला काही नव्हतं म्हणून सुलटी केली. मामा, मी वर्गात ओरडले. नव्वद मुलांनी पेन्सिली टाकल्या.

तुला कळतंय का तू काय केलंस? सात फुलं. तीन योगायोगाने आपापल्या जमावात पडली: एक, चार, सहा. त्यांच्यापुढे तू रोज एकच लिहिलंयस, "शांत. हातात हात." चार परक्यांत पडली: दोन, तीन, पाच, सात. चारही जणांवर पांढरे फुगे, चारही जण आकसले, तीन नंबर मेला, सात वाहून गेला, आणि दोन व पाच घसटत घसटत कुठे गेले? पट्ट्यात. म्हणजे पट्टा कोण मोकळा ठेवतं ते तू पाहिलंस, खऱ्या खडकावर, काच नाही, टाकी नाही. असा प्रयोग कोणी केला नाही, कारण फुलं हलवायचा मूर्खपणा आमच्यापैकी कोणाला सुचला नसता.

धावत ग्रिसवोल्डसाहेबांकडे गेले. आधी शब्द मागे घेतले, मग पानं दाखवली. ते खूप वेळ वाचत होते. मग म्हणाले, "हे बाद आहे. तुमच्या मामांना माहीत होतं कोण कुठलं. ज्याला माहीत असतं त्याला हवं तेच दिसतं. गुलाबी फूल राखाड्यांत ठेवलं की तो भांडणाची वाटच बघत बसणार."

मी गप्प बसले, मामा. उत्तर माझ्या तोंडात होतं, पण ते माझं नव्हतं.

आईने मला सांगितलं होतं. तू बारा वर्षांचा असताना दलदलीतून पिकलेल्या लाल म्हणून टोपलीभर क्रॅनबेरी आणल्यास आणि त्या सगळ्या कच्च्या, पांढऱ्या-हिरव्या निघाल्या. बाकी कोणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती तिने. मग आता सांग, वीस मार्चच्या पत्रात "पावडर लावल्यासारखी गुलाबी" कुठून आली? तुझा चष्मा कुठला रे? तुला चष्मा नाही.

आणि ती शेजारीण, मग रिंतालाबाई, मग लेम्पीबाई. मी शिकलेली मुलगी आहे, मोजता येतं मला.

मुख्य ते विचारते. फुलं ठेवलीस तेव्हा तुला खरंच माहीत नव्हतं ना? ते मला लिहायला, छापायला परवानगी देशील? नाही म्हणालास तर विषय संपला. पदवी गेली तरी मी तोंड उघडणार नाही.

इर्या


१९ एप्रिल

प्रिय इर्या,

उशीर झाला. तीन पत्रं लिहून चुलीत घातली.

मी एकोणीस वर्षांचा होतो. नदीच्या तोंडावर मोठी जहाजं आत आणणारा पायलट व्हायचं होतं मला. दुसरं काही नकोच होतं. परीक्षेत टेबलावर लोकरीच्या लडी मांडल्या होत्या, शंभर तरी असतील. डॉक्टर म्हणाला, या हिरवीसारख्या सगळ्या बाजूला काढ. मी काढल्या. तो माझ्याकडे बघत राहिला, मग माझ्या बापाकडे बघितलं. त्यांत गुलाबी-राखाडीही निघाल्या, मी नापास. गावात मी सांगितलं, जहाजं मला आवडत नाहीत, जाळीच बरी. पंचेचाळीस वर्षं तेच सांगतो आहे. तुझ्या आईशिवाय कोणाला माहीत नाही.

फुलं ठेवली तेव्हा मला सगळी सारखीच दिसत होती. सगळी धुळकट. कुठलं कोणाचं, शप्पथ माहीत नव्हतं. तुझ्या पहिल्या पत्रात "ओळखायला अगदी सोपं" वाचलं तेव्हाच सांगायला हवं होतं, पण नाही म्हणवलं नाही.

परवा खडकावर लेम्पीला सांगितलं. आधी तिलाच सांगावंसं वाटलं. ती म्हणाली, "वाइनो, मला माहीत आहे."

मी विचारलं, "कधीपासून?"

"नऊ वर्षं झाली असतील."

कशावरून, ते सांगत नाही. हसू दाबत होती. यावेळी राग नाही आला.

छाप. नाव घालून छाप.

मामा


२५ एप्रिल

मामा,

मी रडले, मग हसले, मग पोस्टमनला मिठी मारली. तो आता जिना चढत नाही, पत्रं खालीच ठेवून जातो.

ग्रिसवोल्डसाहेबांना तुझं पत्र दाखवलं. पाइप विझला तरी तोंडात तसाच. मग म्हणाले, "तुम्हाला कल्पना आहे का, असा निरीक्षक मिळावा म्हणून लोक काय काय करतात? डोळ्यांना पट्ट्या बांधतात, आकड्यांच्या चिठ्ठ्या करतात. आणि हे गृहस्थ जन्मजात निःपक्षपाती आहेत." तुझ्या डोळ्यांना त्या लोकरवाल्या डॉक्टरने जे म्हटलं असेल ते विसर. हे लक्षात ठेव. जन्मजात निःपक्षपाती.

पण ते स्वतः येऊन बघणार. ५ जून, सकाळची ओहोटी. दहा फुलं ते स्वतः उचलणार, पाठीला चिकटलेल्या शिंपल्यावर आकडा घालणार, कुठलं कुठलं ते कागदावर लिहून पाकीट बंद करणार. तू ठेवायचीस, तू सांगायचं: फुगे की शांत. मला समुद्रकिनाऱ्यावर यायला बंदी आहे, कारण मला रंग दिसतात. मी इथे बेडकांच्या शेवटच्या परीक्षेत पहारा देत असेन. लेम्पीबाईंनाही बंदी आहे असं ते म्हणाले. म्हणजे तुमची कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचली, माझ्याकडूनच.

दहात आठ तरी बरोबर आले तर समितीत ते माझ्या बाजूने. नाहीतर मी बेडूक शिकवते आयुष्यभर.

तुझी थरथरणारी,
इर्या


६ जून

प्रिय इर्या,

साहेब सोमवारपर्यंत बोलणार नाहीत म्हणाले. पण मला कोणी बंदी घातलेली नाही.

काल पहाटे सहाला आले. बरोबर दोघे, एक लांब पायांचे आणि एक बाई, त्या रसायन शिकवतात. साहेबांनी शहरी बूट घातले होते, मी काही बोललो नाही. लेम्पी घरी थांबायला तयार नव्हती. म्हणाली, "मी खडकाकडे पाठ करून बसते. समुद्राकडे बघायला तरी बंदी नाही ना?" मग ती चार तास पाठमोरी बसली, आणि कॉफी ओतून मागे न बघता कप मागे धरायची, जो घेईल त्याचा.

बादलीतून एकेक फूल घेतलं. पाच उत्तरेला ठेवली, पाच दक्षिणेला. चिकटायला वेळ लागतो म्हणून खालच्या फटीत नीट बसवली, पाणी शांत होतं तिथे. मग वाट.

पहिली दहा मिनिटं काही नाही. लांब पायांचे घड्याळ बघायला लागले. मग दक्षिणेला आठ नंबरशेजारची एक फूलबाई उठली. तिने हात लावला, काढला, लावला, काढला. मी म्हटलं, "थांबा, आता." आणि फुगे आले. साहेब इतके खाली वाकले की टोपी पाण्यात गेली. त्यांनी ती उचललीसुद्धा नाही. "गाठी," म्हणाले, "खरंच गाठी आहेत," जसं काही मी आयुष्यभर खोटं बोलत होतो. रसायनवाल्या बाई गुडघ्यावर बसल्या त्या उठल्याच नाहीत. त्यांना मी म्हटलं, घाबरू नका, आपल्या बोटाला नुसतं चिकट लागतं. त्यांनी लावून बघितलं आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

मी एकेक सांगत गेलो आणि साहेब लिहीत गेले. चार जणांवर फुगे. पाच शांत, हातात हात. दहावं मात्र स्वतःला मिटून, वर वाळू ओढून जे रुसून बसलं, ते कोणाला दादच देईना. त्याचं मी "कळत नाही" सांगितलं. लांब पायांचे म्हणाले, अंदाज सांगा. मी म्हटलं, वहीत अंदाज लिहीत नसतो.

मग पाकीट फोडलं. साहेब मोठ्याने वाचायला लागले, माझं एक, कागदाचं एक. मी डोळे मिटले होते. नाहीतरी मला त्यांचा उपयोग काय. पाठमोरी लेम्पी मोजत होती, तिचा आवाज प्रत्येक आकड्याला वर जात होता. नवापैकी नऊ.

इर्या, नवापैकी नऊ.

साहेब म्हणाले, "दहापैकी दहा आले असते तर मला संशय आला असता." तेवढ्यात एक ओंडका आला. मी मुद्दाम सांगत नाही, खरंच आला. धाडकन टेबल खडकावर आपटला आणि परत गेला. पट्ट्याला काही झालं नाही. साहेबांचे बूट मात्र आतपर्यंत भिजले. त्यांनी ओंडक्याकडे बराच वेळ बघितलं आणि मग लेम्पीकडे कॉफी मागितली.

मामा


१२ जून

मामा,

झालं. एकमताने. वीस मिनिटांत. बाहेर उभी होते तेव्हा आतून हसण्याचा आवाज आला आणि मला वाटलं संपलं सगळं. ते साहेबांच्या बुटांवर हसत होते.

मी जिन्यावरून पळत खाली आले आणि मग आठवलं की माझं दप्तर वर राहिलं, मग पळत वर गेले, मग कशाला आले ते विसरले. आईची फार आठवण आली. ती असती तर तुझ्यासाठी एक अख्खा निसू भाजला असता. पण ते काम आता दुसऱ्या कोणाकडे आहे असं ऐकते.

प्रबंधात पान चौदावर आहे: "सर्व निरीक्षणे श्री. वाइनो कोस्केला, हेरॉन कोव्ह, यांची. त्यांना गुलाबी, हिरवा व राखाडी हे रंग परस्परांहून वेगळे ओळखता येत नाहीत. या निरीक्षणांची विश्वासार्हता त्यावरच उभी आहे." शेवटचं वाक्य मी नाही, ग्रिसवोल्डसाहेबांनी लिहिलं.

प्रत पाठवते आहे. गावात दाखवायची की नाही, तुझं तू ठरव. कपाटात ठेवलीस तरी माझी काही तक्रार नाही.

डॉक्टर इर्या
(एकदाच लिहून बघितलं)


२४ जून

प्रिय डॉक्टर,

शनिवारी मध्य-उन्हाळ्याची होळी होती, किनाऱ्यावर नेहमीप्रमाणे. सगळं गाव जमलं होतं. कपाटात ठेवायची असं ठरवून घरून निघालो आणि बघतो तर पुस्तक काखेत. मग होळी पेटायच्या आधी उभा राहिलो आणि पान चौदा वाचलं. मोठ्याने. आवाज पहिल्या ओळीला फाटला, दुसरीला बरा झाला.

वाचून संपलं. पंचेचाळीस वर्षं ज्याला भीत होतो ते हेच, असं वाटलं. लोक एकमेकांकडे बघत होते. मग म्हातारा टोइवो काठी टेकत पुढे आला आणि म्हणाला, "म्हणजे वाइनो, आता सांगायला हरकत नाही ना?"

"काय सांगायला?"

त्याने काठीने वर टेकडीकडे दाखवलं. सगळं गाव माझ्या घराकडे बघायला लागलं.

गुलाबी आहे म्हणे. नऊ वर्षं. नुसतं गुलाबी नाही, वाढदिवसाच्या केकसारखं, असं टोइवोची सून म्हणाली. होड्यांचे लोक खाडीत शिरताना त्याची खूण धरतात. सरकारी नकाशावरसुद्धा आहे, "गुलाबी घर", आणि मी तो नकाशा वापरतो. त्यावर कुठलं घर हे मी कधी शोधलं नाही. मला वाटायचं रस्त्याच्या पलीकडचं असेल. आणि पोरी, तू. "राखाडी घराला नमस्कार." फेब्रुवारीच्या पत्रातसुद्धा.

मी लेम्पीला विचारलं, "नऊ वर्षांत एकदा सांगता आलं नाही?"

ती म्हणाली, "तू बोलत कुठे होतास? मला वाटलं, गंमत म्हणून लावतोयस, म्हणून हसले. तू शिडीवरून उतरलास आणि दार लावून घेतलंस. दुसऱ्या दिवशी कळलं मला काय ते, आणि मग कुठल्या तोंडाने सांगणार."

मग हसली. मीही हसलो. मग सगळं गाव इतकं हसलं की होळी पेटवायची राहूनच गेली. टोइवोला खाली बसवावं लागलं.

काल सकाळी मी लेम्पीच्या दारात जाऊन उभा राहिलो. तिचं घर खरोखरचं राखाडी आहे, आता मला सगळ्यांनी सांगितलंय. काही न बोलता उभा राहिलो. तुला माहीत आहे, सात मिनिटं लागतात. मी दहा थांबलो. काही फुगलं नाही. मग विचारलं. ती म्हणाली, "आत ये, कॉफी निवतेय," आणि ते हो होतं, मी पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

घर पुन्हा रंगवायचं नाही असं ठरलंय. माझं गुलाबी, तिचं राखाडी, टेबल खडकासारखं. मधल्या पट्ट्यात जी ब्लॅकबेरीची काटेरी जाळी नऊ वर्षं माजली होती, ती आज दुपारी मी कापून काढली. हात सोलून निघाले आहेत, म्हणून अक्षर असं.

दहा ऑगस्टला लग्न आहे. तू ये आणि बघ. नुसतं बघायचं. काही हलवायचं नाही.

तुझा जन्मजात निःपक्षपाती,
मामा